धुतल्यावर उरतं ते

मानवतच्या जिनिंगमधून आलेली मैमुनाबी
डबी पदराआड धरून आणते,
चोरीचा ऐवज असावा तशी.
सकाळचा, चूळ न भरता काढलेला बेडका.
भुवयांत अजून सरकी-रुईचं पांढरं.
एकोणीस सीझन, म्हणते,
आणि बाकावर न बसता दारातच उभी राहते.

मी काडीनं काचपट्टीवर पसरते, वाळू देते,
ज्योतीवरून तीनदा नेते,
हाताच्या पाठीला सोसेल इतकीच धग.
मग जांभळा रंग. मग आयोडीन. मग स्पिरिट. मग लाल.
दर खेपेला धुवायचं.
नळाला आज पाणी नाही, म्हणून जगनं
बारीक धार सोडते कडेकडेनं.
जे सैल ते वाहून जातं बेसिनमध्ये,
ते कोणाचं होतं, कोण विचारतंय.

तेलाचा थेंब. भिंग खाली.
फाटक्या पत्रावळीसारखी एक पेशी,
आणि तिच्या काठाकाठानं
बारीक गुलाबी काड्या,
पाणी ओतून, स्पिरिट ओतूनही
तिथंच.

"काय दिसलं, पौळ म्याडम?"

हे सांगायचं काम माझं नाही, डॉक्टरांचं.
पण ती दारात आहे आणि डॉक्टर जेवायला गेलेत.
सांगते:
श्वासाच्या नळीला आतून लव असते.
हलते सारखी, झोपेतसुद्धा,
एका सेकंदात दहादा, बारादा,
आणि धूळधाण, रुई, धूर, जे काय आत येईल ते
चिकट पाण्यावर तरंगवत घशाकडे ढकलते.
कुणी बघत नाही, कुणी पगार देत नाही.

"मग माझी?"

झिजली. टक्कल पडावं तशी जागोजाग.

आणि जिवाणूलाही केस असतात, मैमुनाबी,
पण झाडायचे नव्हेत, धरायचे.
मला दिसत नाहीत ते, या भिंगाची तेवढी कुवत नाही;
ट्रेनिंगला औरंगाबादला एका सरांनी
पडद्यावर दाखवले होते,
तेव्हा मला बांधावरचा सराटा आठवला,
लुगड्याच्या काठाला धरून
आपल्या आधी घरात येणारा.

पहिली गाठ सैल असते.
एक खोकला, एक घोट, सुटेल तेवढ्यानं.
पण पेशीच्या अंगावर साखरेचे कण असतात,
आपल्याच कामासाठी, आपल्याच शरीरानं लावलेले.
ते केस नेमके तिथंच अडकतात.
एकदा अडकले की मग
खोकून फक्त आपणच दमतो.

ती बराच वेळ काही बोलत नाही.
बाहेर एक्स-रेच्या रांगेत कुणाचं तरी पोर रडतंय.
मग म्हणते,
"मतलब कडी हमारेच दरवाजेकी.
उन्होंने खाली पकडी."

मी मान हलवते.
अभ्यासक्रमात हे वाक्य नव्हतं.

फॉर्मवर लिहिते: गुलाबी दांडके, बारीक, भरपूर.
किती ते लिहायला रकाना आहे,
कसे धरून आहेत त्याला नाही.
गोळ्या मिळतील, सात दिवसांच्या.
सोमवारी ती पुन्हा मशीनपाशी उभी राहील;
मुकादमानं तोंडाला बांधायला जुनी साडी फाडून दिलीय,
चांगला माणूस आहे, म्हणते.

ती गेल्यावर टेबल पुसताना
रुईचा एक तंतू माझ्या बाहीला.
झटकते. जात नाही.
चिमटीत धरून काढते,
तर तो बोटाला.
मी फुंकर मारायला
श्वास आत घेते
आणि थांबते.