पोळ्यांच्या डब्याएवढं

दुकानात मी पोळ्यांचा डबा घेऊन गेले,
रिकामा. सयाजीगंजात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे जिन्याच्या पायरीपायरीवर प्रिंटरच्या शाईची जाहिरात आहे.
पार्थिव म्हणाला, काकी, आ शुं?
म्हटलं, माप.
कपाटाच्या वरच्या कप्प्यात, वायरींसाठी चार बोटं सोडून
हा डबा बसतो. याहून मोठं नको.

तो हसला नाही. तिथेच ठरवलं,
घ्यायचं तर याच्याकडून.

वरचाच कप्पा का, हेही त्यानं विचारलं नाही.
बडोद्यात कोण विचारतं?
शहाण्णव ते अठ्ठ्याण्णवची लग्नं खालच्या फळीवर होती,
कारेलीबागेतल्या स्टुडिओत.
विश्वामित्री येऊन गेल्यावर कॅसेटी उघडल्या
तर आतल्या फिती
वाळल्या कोकमांसारख्या.

श्रीरंगनं सव्वीस वर्षं दुसऱ्यांची लग्नं टिपली.
आमचं रजिस्टर. दोन साक्षीदार, फोटो नाही.
मागे राहिल्या अकरा डिस्क,
एकीवर पेननं 'पटेल मोठे', एकीवर 'पटेल रडके',
आणि एकीवर नुसतंच 'बघणे'.

पार्थिव कागदावर चौकोन काढत गेला.
प्रोसेसर साधा चालेल, पण व्हिडिओ चालता चालता
मोबाईलपुरता बारीक करून पाठवणारा हवा.
हवाच, म्हटलं. रात्री अकराला सुरतेहून एकाचा फोन येतो,
त्याला आईचं हसणं हवं असतं, चौदा सेकंदांचं,
बहिणीच्या पाठवणीच्या जरा आधीचं.
पंखा? मोठा, सावकाश फिरणारा. मी त्याच खोलीत झोपते.
वीज? शून्याच्या दिव्याहून थोडी जास्त.
आपली चूक आपणच सुधारणारी मेमरीसुद्धा मिळते,
तो म्हणाला, पण महाग पडते.
साहजिक आहे.

मग डिस्क. दोन, आठ-आठ टीबीच्या.
म्हणजे सोळा?
नाही काकी, आठच. दुसरी म्हणजे पहिलीचा आरसा.
एक गेली तरी दुसरी चालू राहते,
बाहेरून कुणाला कळतही नाही.
मी डब्याचं झाकण उगाच लावलं, काढलं.

आणि चुकून पुसलं तर?
दोन्हीकडून जातं. एकदमच.
बरोबर. आरशासमोर टिकली काढली
की आतल्या बाईचीही निघते.

म्हणून तिसरी घ्या, तो म्हणाला, दुसऱ्या घरात ठेवा.
नदीपलीकडे कोणी आहे?
गोत्रीला वन्सं आहेत.
मग झालंच. इथे बदललं की तिथे मिनिटात बदलेल,
इंटरनेटवरून, आपोआप.
आपोआप नको, म्हटलं. तिसरी सुटी दे.
दर रविवारी आणीन, भरीन, परत नेऊन ठेवीन.

पेन थांबवून तो बघत राहिला.

त्याला सांगितलं नाही
की दिवाळीत उर्वीचा फोन आला होता.
काकी, माझं लग्न पुसून टाका,
कोर्टाचं संपलं, मला ते कुठेच असायला नको.
तिचं होतं, मी पुसलं. कचरापेटीही रिकामी केली.
होळीनंतर पुन्हा तीच, आवाज अगदी खाली.
त्यात पप्पा होते ना,
मांडवात खुर्च्या मोजताना?
दोनदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या?
तुमच्याकडे दुसरी कॉपी असेलच.
मी नाही म्हणाले.
हा, हा, बरोबर, म्हणाली,
जसं काही तिनं दुकान उघडं आहे का एवढंच विचारलं होतं.

पुसलेलं निदान रविवारपर्यंत
कुठेतरी पुसायचं राहिलेलं असावं.

बिल घडी करून डब्यात ठेवलं.
काळाघोड्याच्या पुलावर सवयीनं खाली बघितलं,
पाणी कुठवर आहे ते.
बरंच खाली होतं.
काठच्या चिखलात एक मगर, तोंड उघडं टाकून,
कसलीच घाई नसलेली.