पाइपाच्या खालचं

सकाळी सहाला, जत रोडच्या पंपावर,
मी लोखंडी झाकण उचलतो
आणि जमिनीच्या पोटात गज सोडतो.
त्याआधी टोकाला पेस्ट लावायची;
टाकीत पाणी शिरलं असेल तर ती लाल होते.
एकदाच झाली होती.
मालक दोन दिवस जेवले नव्हते.

गज वर येतो ओला, थंड.
भिंतीवरच्या तक्त्यावर बोट फिरवतो,
इतके सेंटिमीटर म्हणजे इतके लिटर,
वहीत आकडा, खाली सही : स. द. ऐवळे.
बावीस वर्षं.

परवा डफळापूरच्या शाळेची पोरं आली,
दोन-दोनच्या रांगेत,
वास आवडत असूनही नाकाला रुमाल लावून.
त्यातली एक, श्रुतिका बिराजदार, म्हणाली,
काका, जगातलं तेल संपणार हाय का?
बाई म्हणाल्या, असलं विचारू नये, काकांना काम असतं.

काम नव्हतं.

म्हटलं, बाळ, माझा गज साडेतीन मीटरचा.
जगाच्या टाकीचं झाकण कुठंय, मला माहीत नाही.
ज्यांना माहीत आहे ते वही दाखवत नाहीत.

मग तुमच्या टाकीतलं तरी संपतं का?

इथं मी अडकलो.
कारण ते संपत नाही.
ओढणारा पाइप तळाला टेकवलेला नसतो,
वीतभर वर थांबतो.
मशीन हवा ओढायला लागतं, खोकतं, आकडे थबकतात,
आम्ही दोरीला पाटी अडकवतो : डिझेल नाही.
आणि खाली अंधारात
पाच-सहाशे लिटर गप पडून असतं.
वहीत त्याचं नाव डेड स्टॉक.
मेलेलं नसतं. हाताला लागत नाही, इतकंच.

म्हटलं, हे पोरीला जड जाईल.
पण ती जतची.
म्हणाली, आमच्या बोअरसारखं.
आजोबांना दोनशे फुटांवर लागलं,
पप्पांना सहाशेवर,
औंदा नऊशेला नुसता फुफाटा.
पाणी संपलं असं घरात कुणी म्हणत नाही.
खाली गेलंय, म्हणतात,
जसं कुणी मिरजेला गेलंय
आणि संध्याकाळच्या एसटीनं येणार आहे.

टँकरवाला दस्तगीर टायरला पाठ लावून ऐकत होता.
त्याचा भाचा आखातात आहे.
सांगतो, रात्री विहिरींवर ज्वाळा, आभाळ तांबडं,
आणि दिवसा तिथलेच मालक
वाळूत उन्हाचे पत्रे बसवतात.
का, मामू?
दस्तगीरनं तंबाखूची पुडी झटकली.
ज्याच्या घरी कणगी असते ना,
तळ त्यालाच आधी दिसतो.

आमच्याही कोपऱ्यात नवा खांब आलाय, चार्जिंगचा.
निळा दिवा, त्यावर एक पाल राहते.
सहा महिन्यांत एक डॉक्टरीण आली,
पाऊण तास थांबली, दोन चहा घेतले,
जाताना सहज म्हणाली,
बरंय, इथं माणूस लागत नाही.
हो, म्हटलं.
गज नाही, पेस्ट नाही, वास नाही.
घरी हौसाक्का म्हणते,
जगातलं संपलं तरी तुमच्या हाताचं जायचं नाही,
भाकरी वेगळी ठेवते माझी, उगाच.

जायच्या आधी पोरीनं गज मागितला.
नियमात बसत नाही. दिला.
दोन्ही हातांनी सोडला तिनं, श्वास धरून,
तळाला टक् झालं तेव्हा दचकली.
एकशे बारा पूर्णांक चार. बरोबर वाचलं.
मग वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात,
जिथं बावीस वर्षांत मी अक्षर काढलं नाही,
तिनं पेन्सिलीनं लिहिलं :
अजून हाय.

तपासणीस विचारेल, हे कुणी गिरबटलं.
खोडरबर आहे गल्ल्यात.

आज सकाळी एकोणतीस पूर्णांक एक.
दस्तगीरचा फोन लागत नाही.