मंगळवारचा रकाना

हजेरीपुस्तक बेचाळीस वर्षं माझ्याकडे आहे.
भुसावळ, रविवार, सकाळी नऊ,
पॅसेंजरची शिट्टी विरली की आमची घंटा.
गार्डाची नोकरी संपली, मोजायची खोड राहिली:
शेवटच्या बाकापासून पुढे येत माणसं मोजतो,
जसे यार्डात डबे मोजायचो.
गेल्या रविवारी एकोणतीस.
त्यात पाळक, पाळकीणबाई,
आणि चक्रनारायणांचा नातू, जो झोपला होता.

कमिटीत सुवार्ता शिरसाठ उठली. नर्स आहे ती.
म्हणाली, सावद्याला केळीच्या शेडमध्ये
मंगळवारी रात्री बसतो आम्ही, ट्रक भरून झाला की.
त्यालाही मंडळी म्हणाल का?
पंखा फिरत राहिला.
शेवटी मीच बोललो. वेदी कुठाय? घंटा कोण देतं?
चपला कुठे काढतात?
ती म्हणाली, काका, एकदा या.
मी म्हणालो, या विषयावर प्रार्थना करू.
आमच्या कमिटीत याचा अर्थ नाही असा होतो.

तरी गेलो.
तापी ओलांडली तेव्हा पुलाखाली अंधार होता,
पिशवीत चष्मा, पुस्तक आणि दोन पेनं,
इन्स्पेक्शनला निघाल्यासारखी.

वजनकाट्यावर एक पोर निजलं होतं.
पालथ्या क्रेटवर माणसं, अंगाला केळीचा चीक,
कोणी पावरा, कोणी भिल्ल, दोघं बिहारचे ड्रायव्हर,
मालकाचा मुनीम दारात, ना आत ना बाहेर.
कळण्याची भाकरी फिरली, वर ठेचा.
हे प्रभुभोजन नव्हे, सुवार्ता मला हळूच म्हणाली,
ते पाळक येतील तेव्हाच.
ही नुसती भूक आहे.

मग तिनं हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली,
पुस्तक न उघडता.
खुमसिंगनं हात वर केला, शाळेत करतात तसा:
आणि ती नव्व्याण्णव?
ती कोणाच्या भरवशावर सोडली त्यानं?
बेचाळीस वर्षांत आमच्या बाकांवर
हे कोणी विचारलं नव्हतं.
सायकीबाई भाकरी चावत बोलली,
मोठी व्हती ना ती. राह्यतील की.
सगळे हसले.
मला हसू आलं नाही.
मी त्या नव्व्याण्णवांतला एक आहे,
कळपात नीट मोजलेला,
आणि तो डोंगरात गेला म्हणून
इतकी वर्षं रुसून बसलेला,
हे मला कळलं एका क्रेटवर,
ज्याची पट्टी मांडीला रुतत होती.

निघताना सायकीबाईनं बॅटरी धरली.
शेडमागे बाग. खोडाला चिकटून एक पील, गुडघ्याएवढं.
घड लागेस्तोवर पिलं कापतो, म्हणाली, मंग एक ठेवतो.
आणि आईचं खोड?
घड उतरला की कापतो.
माझा चेहरा तिनं उजेडात पाहिला असावा.
लगेच पुरं नाही कापत, दादा. अर्धं उभं ठेवतो.
त्याच्यातलं पानी पिलाले जातं.

परतीच्या रिक्षात मी याच्याशी भांडत आलो.
आमचं छप्पर शाबूत आहे.
पेटीचे दोनच सूर गेलेत.
एकोणतीस म्हणजे अर्धं खोड नव्हे.
मग चीक आठवला: पांढऱ्या शर्टाची बाही तपकिरी,
आणि केळीचा डाग कशानंच जात नाही,
हे खानदेशात जन्मलेल्याला कोणी सांगावं लागत नाही.

शनिवारी पुस्तक उघडलं, पट्टी लावली,
रविवारशेजारी एक रेघ ओढली.
थोडी वाकडी आली.
वर लिहिलं: मंगळवार, सावदा.
आकडा घालायला पेन टेकवलं
तेव्हा लक्षात आलं, त्या रात्री
मी मोजायचंच विसरलो होतो.

सुवार्ताला फोन केला, किती होते गं?
ती म्हणाली, तुम्हाला धरून की सोडून?

उत्तर द्यायचं राहिलं आहे.
रकाना रिकामा आहे,
शाई वाळली आहे,
उद्या नऊला मी घंटा देईन.