जवसाचं तेल

जवसाचं तेल फेब्रुवारीतच संपलं,
मामाने उपर्नाविकहून लिहिलं होतं,
जहाज येणार ते थेट जुलैत.

मग मालीनाने दिव्यातलं ओतून दिलं,
सीलचं, उग्र, कोऱ्या चहाच्या रंगाचं.
म्हणाली, यावर आमचं सगळं चालतं,
उजेड, ऊब, जेवण,
होडीच्या कातड्यालाही हेच.
चित्राचं काही मला ठाऊक नाही.

त्याने तिचंच काढलं,
बुटाचं चामडं दातांनी मऊ करताना.
तिने वाकून पाहिलं, एवढंच विचारलं:
बर्फ निळा का?
पांढराही संपला होता.
ते त्याने सांगितलं नाही.

चित्र ओडेन्सला पोचलं.
मामा नाही.

आईने ते बैठकीत टांगलं
त्याला आता चौदा वर्षं झाली,
नि ते अजून ओलं आहे.
धूळ बसते, उन्हाळ्यात माशा चिकटतात,
पाहुणे नाक मुरडून खिडकीकडे सरकतात.
कुत्रा मात्र त्याच्याचखाली झोपतो.

काल जळमटं काढताना
माझी बाही घासली,
मालीनाचा अंगठा जरासा पुसला गेला.

हात तीनदा धुतले.
बाही उकळत्या पाण्यात घातली.
तरी रात्रभर उशाशी वास,
कुणाच्या तरी घरी
दिवा लागल्याचा.