आतून घातलेला टाका

सतरा वर्षं मी एका बसलेल्या माणसाशेजारी झोपत आले.
उशाकडच्या पायांखाली दोन विटा, एक त्याच्या बाजूला, एक माझ्या.
पाठीशी तीन उशा, वर घडी घातलेला कोट
आणि त्यावर स्तामेन,
पहाटेची बस चुकेल म्हणून बाकड्यावर टेकल्यासारखा.
मध्यरात्री घशाशी आंबट आलं की उठायचा,
खिडकी उघडायचा.
खाली मारित्सा नदी आपली एकाच दिशेनं चाललेली.
"बघ," म्हणायचा, "हिला जमतं."

प्लोव्हदिवच्या कापाना भागात त्याचं शिवणाचं दुकान.
वाकून काजं करता येईनात.
टोमॅटो, लिंबू, रात्रीचा घोटभर राकिया,
माझी भाजक्या मिरच्यांची ल्युतेनित्सासुद्धा
एकेक करून ताटावरून उठून गेली,
पाहुणे जातात तशी, दाराशी रेंगाळत.
गोळ्या तेवढ्या मुक्कामाला राहिल्या. बटणांच्याच डब्यात:
पांढरी चार भोकांची, पांढरी बिनभोकांची.

डॉक्टर इस्क्रेना झेलेवानं आधी नाकातून बारीक नळी घातली,
दिवसभर, रात्रभर आम्ल मोजलं.
मग कागदावर काढून दाखवलं: ही अन्ननळी, ही पिशवी,
मधली ही झडप, सैल पडलेली.
"तोंडातूनच आत जायचं. इथं दुमड घालायची,
आतूनच टाके. बाहेर कुठं चीर नाही."
स्तामेननं चष्मा चढवला.
चाळीस वर्षं लोकांच्या गळ्याची मापं घेतली त्यानं,
गळ्यातून आत शिरून कुणी शिवतं हे नव्यानंच ऐकत होता.

"धागा कसला?"
"दुमड किती बोटांची?"
आणि मग, जरा खालच्या आवाजात,
"किती धुण्यांना टिकेल?"

ती हसली नाही. तिथंच मला ती पटली.
म्हणाली, बऱ्याच जणांची पहिली काही वर्षं सुखाची जातात.
मग काहींचे टाके ढिले होतात, गोळी परत येते,
कधी अर्धी, कधी अख्खी.
क्वचित रक्त जातं. त्याहून क्वचित भिंत फाटते,
मग पोट उघडण्यावाचून गत्यंतर नसतं.
तुमची फट मोठी असती तर मी हात लावला नसता,
सर्जनकडे धाडलं असतं.
"आणि दहा वर्षांनंतर?"
"दहा वर्षांनंतरचं छातीठोकपणे नाही सांगता येणार."
छाती हा शब्द ऐकून त्यानं आपल्या छातीवर हात ठेवला.

"मीही गिऱ्हाइकाला हेच सांगतो," म्हणाला,
"टाका माझा. पुढं पोट किती सुटेल ते तुमचं."

सही करायच्या वेळी त्यानं मान डावी-उजवीकडे हलवली.
परदेशातून आलेली नवी नर्स कागद मागे घेऊ लागली.
अगं थांब, मी म्हटलं,
आमच्याकडे याला होय म्हणतात.

दोन आठवडे पातळ सूप. घसा बसलेला, खांदा दुखरा,
आणि ढेकर काही केल्या येईना.
"एक ढेकर आली तर मेणबत्ती लावीन," म्हणाला.
ती आली एका मंगळवारी, भर दुकानात,
नवरीच्या आईचं माप घेताना.
मेणबत्ती मीच लावून आले.

तिसऱ्या महिन्यात विटा काढल्या.
तो आडवा झाला, इस्त्री केलेल्या शर्टासारखा सपाट,
आणि घोरू लागला.
मी मात्र टक्क जागी.
सतरा वर्षांचा उतार माझ्याही हाडांत बसलेला.
डब्यात नऊ गोळ्या अजून आहेत, त्या टाकल्या नाहीत.
चौथ्या रात्री अंधारात उठून
एक वीट परत सारली, फक्त माझ्या बाजूला.
पलंग आता जरा तिरका आहे.
झोपेत मी घरंगळत त्याच्याकडे जाते.