पावशेर

भाजीच्या तागडीत ठेवली तर
पावशेर भरेल, जास्त नाही.
मी ठेवली नाही कधी. पण उद्यमनगरात
छत्तीस वर्षं लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाचा हात
तागडीपेक्षा खरं बोलतो.

बावीस बोअर. आठ घरांची चक्री.
बंडा शेटके म्हणाला, "तवनाप्पा,
ह्यानं उंदीर तरी मरंल का रं?"
त्याच्याकडं बत्तीसची. लग्नात कमरेला लावून हिंडतो,
पंगतीत बसला की पोटात रुतते.
मी म्हटलं, उंदरानं माझं काय केलंय?

अर्जात रकाना होता, शस्त्र कशासाठी.
कारकुनानं स्वतःच लिहून टाकलं: स्वसंरक्षण.
'आवड' लिहायला जागा पुष्कळ होती,
पण तसं कोणी लिहीत नाही म्हणाला.

मी दिवस मावळायच्या आत जेवणारा.
चातुर्मासात कांदा नाही, बटाटा नाही,
पाणी गाळून.
रत्नव्वा पहिल्या दिवशी डब्याकडं बघत म्हणाली,
"आपल्या घरात हे ठेवायचं कुठं, तुम्हीच सांगा."
शेवटी गहाण पडलेल्या पाटल्यांचा कप्पा
रिकामाच होता, त्यात ठेवली.

काय आवडतं विचाराल
तर आधी आवाज सांगतो. गोळीचा नव्हे.
रिकामी चक्री अंगठ्यानं फिरवली की
एकेक घर नळीसमोर येऊन बसतं
तो खटका.
एक थाऊ इकडं नाही, एक थाऊ तिकडं नाही.
हजारो बुश काढले मी, पंपांचे, चरकांचे,
असं बसलेलं काही हातून उतरलं नाही.
कुठल्याशा कारखान्यात कुणीतरी
नाकावरचा चष्मा सावरत हे जुळवलं असणार.
त्याला एकदा भेटावं, चहा पाजावा.

रविवारी दुधाळीला रेंजवर.
श्वास अर्धा सोडायचा.
पुढची माशी स्पष्ट, कागद धूसर,
चाप असा दाबायचा की बोटालाही पत्ता लागू नये.
मग भुईमुगाची वाळकी शेंग फुटावी
तेवढा आवाज, मनगटाला टिचकी,
आणि समोर कागदाला मुगाएवढं भोक.
मोठी बंदूक माणसाला मागं ढकलते.
ही नुसती विचारते, झालं?
शेजारच्या पट्टीवर सायमा मुल्लाणी, दहावीतली,
पदकाच्या मागं लागलेली,
म्हणते, "आजोबा, खांदा उचलताय तुम्ही."
उचलतो खरा.

कागद घरी आणतो. रत्नव्वा त्यांवर सांडगे घालते.
वाळल्यावर गच्चीत कागद झटकते तेव्हा
माझ्या भोकांतून आलेलं ऊन
तिच्या पदरावर हलतं.
मी नेम कुठं चुकला ते तिथं मोजतो.

एक सांगायचं राहिलं.
फौंड्रीतल्या भागीदारानं खोटी सही करून
माझा हिस्सा गिळला, त्या रात्री
कप्पा उघडला होता मी.
आठही घरं भरली. आमच्यात कर्मंही आठच.
तेव्हा कळलं, पावशेर किती हलकं असतं.
रिक्षानं शिरोली वीस मिनिटं.
घसा कोरडा पडलेला, रात्रीचं पाणी सोडलेलं.
मग एकेक काडतूस काढून
टेबलावर उभं करत गेलो,
आणि ती रांग बघत उजाडेपर्यंत बसलो.
रत्नव्वा उठली, काडतुसं बघितली,
त्यांच्या शेजारी तांब्या ठेवला.
त्या रविवारी एकही गोळी कागदाला लागली नाही.
सायमा काही बोलली नाही.

आता निवडणूक. ठाण्यात जमा करून आलो.
पावतीवर हवालदाराचं गिचमिड अक्षर:
रिव्हॉल्वर, एक नग, चालू स्थितीत.
येताना त्याच पिशवीत पावशेर गवार घेतली.
तागडीकडं बघितलंही नाही,
म्हटलं, कमी आहे.
भाजीवालीनं माझ्या हाताकडं बघितलं
आणि आणखी चार शेंगा टाकल्या.