दोन्ही कान दिसले पाहिजेत

सदरच्या गल्लीत आठ बाय दहाचं दुकान,
मागे पांढरा पडदा, पुढे गोल स्टूल.
बावीस वर्षं मी तेच बोलते आहे :
हनुवटी जरा खाली. दात नको.
केस मागे घ्या, दोन्ही कान दिसले पाहिजेत.

या डिसेंबरात शटरवर चिठ्ठी लावली,
दोन दिवस बंद. कारण लिहिलं नाही.
धरमपेठेतून लेन्स आणली भाड्यानं,
टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली
आणि पहाटे तीनला निघाले उत्तरेकडे.

ऑटोमोटिव्ह चौकात तर्री-पोहा,
पोहे थोडे, तर्री फार, नाकातून पाणी.
मग कामठी, कन्हानचा पूल, मनसर.
देवलापारच्या पुढे रस्ता जमीन सोडून वर उठतो.
वरून ट्रक जातात संत्र्यांचे, सिमेंटचे,
आणि खालून, खांबांच्या मधून,
ज्यांना टोल नाही ते.
तेव्हा मी डुलक्या घेत होते.
हे नंतर सुकचंदनं सांगितलं.

सुकचंद उईके, गाईड, खुर्सापार गेट.
“वाघ पाहाचा हाय का मॅडम, का जंगल?”
म्हटलं, जे बसेल ते.
तो हसला. “इथं कोणी बसत नाही जी.”

खरंच होतं. नीलपंख : एक निळा डाग.
वानर : शेपटी आणि हललेली फांदी.
रानगवा : मागची पांढरी पायमोजी, बाकी सगळा बांबू.
तीन तासांत दोनशे चाळीस फोटो
आणि त्यांतले बहुतेक
निघून जाणाऱ्यांचे.

मग धुक्यात ती उभी होती.
सांबर, मादी, वीस पावलांवर,
मागे सगळं पांढरं, माझ्या पडद्याहून पांढरं,
मान सरळ, चेहरा समोर,
दोन्ही कान पुढे वळवलेले,
डावा टोकाशी फाटका.
सवयीनं पुटपुटले, हनुवटी जरा खाली.
तिनं पुढचा पाय आपटला.
मी बटण दाबलं आणि दाबतच राहिले.
“ढाँक” असा आवाज आला तिच्यातून,
एवढ्या सावकाश जनावरातून एवढा मोठा.

सुकचंद माझा खांदा हलवत होता.
ती माझ्याकडे बघतच नव्हती.
माझ्या मागे, रस्ता ओलांडून,
तो गेला म्हणे. आरामात.
मागच्या तिन्ही जिप्स्यांना मिळाला.
एका काकांना रडू आलं.
मी वळले तेव्हा गवत
पुन्हा सरळ होत होतं.

रात्री खोलीवर फोटो मोठा केला,
तिच्या डोळ्यात शोधलं त्याला.
सापडले नुसते चौकोनी ठिपके
आणि आमच्या गाडीची एक रेघ.

निघताना सुकचंद म्हणाला,
“माहा एक काढता का जी? नव्या कार्डासाठी पायजे.
अकरा वर्षं झाली,
लोकांच्या फोटोत माहं बोटच हाय,
हे, दाखवणारं.”
चौकीच्या चुन्याच्या भिंतीशी त्याला उभं केलं.
मफलर काढा. दात नको.
सगळं नियमात होतं,
फक्त नजर माझ्या कानावरून पलीकडे,
बांबूत कुठेतरी.
इकडे बघा, असं एरवी म्हणाले असते.

लेन्स एक दिवस उशिरा गेली, चारशे रुपये जास्तीचे.
आठ प्रती कापून देवलापारच्या बसनं पाठवल्या.
सांबरही त्याच मापात कापली, पस्तीस बाय पंचेचाळीस,
एक प्रत काउंटरच्या काचेखाली.
गिऱ्हाइकं विचारतात, ही कोण?

सोमवारी एक मुलगा आला, कॅनडाचा फॉर्म घेऊन.
बाहेर त्याची आई स्कूटरवर बसून.
तो स्टुलावर बसला, केस मागे घेतले,
आणि काचेतून तिच्याकडे बघत राहिला.
मी कॅमेरा डोळ्याला लावून
थांबले.